चुनखडीत उतरलेली ओहोटी

कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात आंतिकोस्ती नावाचे बेट आहे. २०२३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले, ते तिथल्या जीवाश्मांनी भरलेल्या चुनखडीच्या थरांमुळे. सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वी, ऑर्डोव्हिशियन कालखंड संपत असताना, यातले काही थर उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात साचत होते. तेव्हा दक्षिण ध्रुव आजच्या उत्तर आफ्रिकेच्या आसपास होता. हिमनद्यांनी ओरखडलेले खडक सहारात, वाळवंटाच्या ऐन मध्यात, आजही दिसतात! पाणी बर्फात अडकले, समुद्र खाली गेला आणि सुमारे ८५ टक्के सागरी प्रजाती संपल्या.

त्या काळाची नोंद कार्बनने ठेवली आहे. निसर्गातला जवळपास ९९ टक्के कार्बन १२ वस्तुमानाचा, उरलेला बहुतेक १३चा. सूक्ष्म वनस्पती प्रकाशसंश्लेषणात हलका कार्बन जास्त उचलतात. त्यांचे अवशेष गाळात गाडले गेले, की पाण्यात उरलेला कार्बन किंचित जड होतो आणि त्या पाण्यात बनलेली चुनखडी ते प्रमाण जपते. दगडाची पूड आम्लात टाकायची आणि निघालेला वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मोजायचा, एवढेच. ऑर्डोव्हिशियनच्या अखेरच्या थरांत जड कार्बन एकदम वाढतो. काही ठिकाणी ही वाढ हजारात ४, तर काही ठिकाणी त्याहून जास्त. आंतिकोस्ती, नेवाडा, बाल्टिक देश, चीन, सगळीकडे हीच गोष्ट.

का वाढतो, यावर मात्र भांडण आहे. एक गट म्हणतो, समुद्र हटल्यावर उघडी पडलेली जुनी चुनखडी पावसाने झिजली आणि तिचा जड कार्बन नद्यांनी समुद्रात आणला. दुसरा गट गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय अवशेषांकडे बोट दाखवतो.

त्यात बहामाने आणखी घोळ घातला. तिथल्या उथळ मंचावरचा चुनखडीचा चिखल मुळातच जड कार्बनचा. समुद्र चढला की तो भरपूर तयार होतो आणि कडेच्या उतारावर जाऊन साचतो. समुद्र उतरला की हा पुरवठा आटतो. म्हणजे इथे जड कार्बन भरतीची खूण, ऑर्डोव्हिशियनमध्ये ओहोटीची! भूवैज्ञानिक पीटर स्वार्ट यांनी मालदीव आणि ग्रेट बॅरियर रीफजवळही कार्बनचा असाच आलेख दाखवला. त्याचा जगाच्या कार्बनसाठ्याशी संबंध नव्हता.

माझे मत साधे आहे: कार्बन हिशेब कार्बनचाच ठेवतो, पाण्याचा नाही. थरांत समुद्र हटल्याच्या खुणा, म्हणजे चिखलाच्या भेगा, जुनी माती किंवा झिजलेला पृष्ठभाग दिसत नसेल, तर नुसत्या आलेखावरून समुद्राची पातळी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.