स्पार्टा : दोन राजे, एक पंगत आणि कर्जरोख्यांची होळी

स्पार्टा म्हटलं की बहुतेकांना '३००' हा चित्रपट आठवतो. लाल झगे, गोल ढाली आणि आरोळ्या. आमच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने तो पाहून विचारलं, "एवढे शूर होते, तर मग संपले कसे?" प्रश्न रास्त होता. हेरोडोटस, प्लूटार्क आणि अ‍ॅरिस्टॉटल यांच्या लेखनातून आम्हाला जे समजलं, ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवत आहोत. आयुष्य बँकेत गेल्यामुळे आमची नजर तलवारीपेक्षा हिशेबाकडे जास्त वळते, हे आधीच कबूल करतो.

जुळ्यांचं राज्य

दक्षिण ग्रीसमध्ये, युरोटस नदीच्या खोऱ्यात वसलेल्या स्पार्टाला एकाच वेळी दोन राजे असत. याची दंतकथा हेरोडोटस सांगतो. हेराक्लिसच्या वंशातील अ‍ॅरिस्टोडेमस राजाला जुळे मुलगे झाले आणि लवकरच तो वारला. थोरला कोण, हे आई सांगेना. दोघेही राजे व्हावेत, हा तिचा डाव. डेल्फीच्या देवस्थानाने कौल दिला : दोघांनाही राजा करा, पण थोरल्याला मान जास्त द्या. आता थोरला ओळखायचा कसा? एकाने युक्ती सुचवली, आई आधी कोणाला न्हाऊमाखू घालते, तेवढं पाहा. ती रोज एकाच बाळाला आधी घ्यायची. तो युरिस्थेनिस, धाकटा प्रोक्लिस. दोघं भाऊ जन्मभर भांडले आणि त्यांची घराणीही.

राजांवर अंकुश ठेवायला दरवर्षी पाच 'एफोर' निवडले जात. शिवाय २८ ज्येष्ठांची सभा होती. तिच्यात यायला वय किमान साठ लागे आणि पद तहहयात. आम्हाला साठीला निरोपाचा नारळ मिळाला, तिथे साठीनंतर नेमणूक होत असे!

शाळा आणि पंगत

ही सगळी घडी लायकर्गस नावाच्या नियमकर्त्याने बसवली, असं स्पार्टन मानत. तो खरोखर होऊन गेला की नाही, यावर प्राचीन काळापासून वाद आहे. मुलगा सात वर्षांचा झाला की घरातून उचलून सामूहिक शिक्षणात टाकत. वर्षाला एक वस्त्र आणि नदीकाठचे बोरू हाताने मोडून केलेलं अंथरूण. जेवण मुद्दाम कमी. चोरून खाल्लं तर चालेल, पण सापडलं की फटके. मुलींनाही धावणं, कुस्ती शिकवत.

मोठेपणी प्रत्येक नागरिकाने रात्रीचं जेवण साधारण पंधरा जणांच्या पंगतीत घ्यायचं. राजालाही सूट नव्हती. त्यासाठी दरमहा जव, द्राक्षमद्य, चीज, अंजीर आणि थोडे पैसे अशी वर्गणी भरावी लागे. ज्याला ती झेपली नाही, त्याचं नागरिकत्वच जाई. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा.

राबत कोण होतं?

नागरिक दिवसभर कवायत करत, तर शेती कोण करी? हेलॉट. जिंकलेल्या प्रदेशातली, जमिनीला बांधलेली ही माणसं. एफोर दरवर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे हेलॉटला मारलं तरी पाप लागू नये. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाच्या लढाईत ५,००० स्पार्टनांबरोबर ३५,००० हेलॉट होते, असा हेरोडोटसचा आकडा आहे. त्यांना दाबून ठेवण्यासाठीच अख्खं गाव लष्करी छावणी बनलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी थर्मोपिलीच्या खिंडीत लिओनिदास राजा इराणी फौजेपुढे ३०० स्पार्टनांसह उभा राहिला. ते शौर्य खरंच. पण शेवटच्या दिवशी थेस्पिया या छोट्या गावाचे ७०० जण स्वखुशीने त्यांच्याबरोबर मेले. त्यांची आठवण फारच थोड्यांना असते.

थैलीतली चिठ्ठी

लायकर्गसने सोन्या-चांदीऐवजी लोखंडाचं अवजड चलन ठेवलं, अशी कथा आहे. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स हरलं आणि चांदीचा पूर आला. लुटीच्या थैल्या घरी नेण्याचं काम गिलिप्पस या नामांकित सेनापतीकडे होतं. त्याने थैल्या खालून उसवून पैसे काढले, पुन्हा शिवल्या आणि जमा केल्या. प्रत्येक थैलीत रकमेची चिठ्ठी होती, हे त्याला माहीतच नव्हतं! मोजणीत तूट निघाली आणि वीराला परागंदा व्हावं लागलं. रोकड पाठवताना आत चिठ्ठी ठेवण्याची शिस्त किती जुनी, ते पाहा.

वर्गणी थकली, माणसं आटली

हळूहळू जमिनी मोजक्या घरांत गेल्या. इतरांची वर्गणी थकली, नागरिकत्व गेलं. त्यांच्या जागी नवे नागरिक मात्र घेतले नाहीत. इ.स.पू. ४८० च्या सुमारास ८,००० असलेले नागरिक अ‍ॅरिस्टॉटलच्या काळी हजाराच्याही खाली आले. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राला थीब्जने त्यांना हरवलं, तेव्हा रणांगणावरच्या ७०० स्पार्टनांपैकी ४०० पडले. ती भरपाई पुन्हा झाली नाही.

पुढे चौथा एजिस हा विशीच्या आतला राजा गादीवर आला. तोवर नागरिक उरले होते जेमतेम ७००, त्यांत जमीनवाले शंभरेक. कर्जं माफ करावीत, जमिनी वाटाव्यात आणि लायक बाहेरच्यांनाही नागरिक करावं, असं त्याने मांडलं. आईची आणि आजीची अफाट संपत्तीही देऊ केली. त्याचा मामा मात्र मोठा जमीनदार आणि मोठा कर्जदारही. त्याने सुचवलं, आधी कर्जमाफी. चौकात रोखे जाळले गेले. मामा कर्जमुक्त झाला आणि जमीनवाटप लांबतच गेलं. निराश लोकांनी पाठ फिरवली. इ.स.पू. २४१ मध्ये विरोधकांनी एजिसला आणि त्याच्या आई-आजीलाही फाशी दिलं. त्या पक्षाचा म्होरक्या होता दुसरा राजा, नाव पुन्हा लिओनिदासच.

त्या लिओनिदासाने एजिसच्या विधवेचं लग्न आपल्या मुलाशी, क्लिओमेनिसशी, लावून दिलं. पहिल्या नवऱ्याचे विचार तिच्याकडून ऐकत तो मोठा झाला आणि राजा झाल्यावर त्याने तेच करून दाखवलं. जमिनी वाटल्या, नवे नागरिक घेतले. पण इ.स.पू. २२२ मध्ये मॅसिडोनियाने त्याला हरवलं. तोवर फार उशीर झाला होता.

नातवाला आम्ही उत्तर दिलं ते असं : शौर्य कमी पडलं नाही. पंगतीतून उठवलेल्यांची जागा त्यांनी वेळेवर भरली नाही.