बोटांखालची बाराखडी

डोळस मूल शाळेत जाण्यापूर्वीच तीन-चार वर्षे अक्षरांच्या सहवासात वाढलेले असते. दुकानांच्या पाट्या, बिस्किटांच्या पुड्यावरील नाव, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील ठळक आकडे आणि आजोबांच्या हातातील वर्तमानपत्र पाहून, एकही अक्षर वाचता येत नसताना, या खुणांना अर्थ असतो आणि मोठी माणसे त्यांतून बोलणे काढतात, एवढे त्याला उमगलेले असते. शिक्षणशास्त्रात या समजेला प्रारंभिक साक्षरता म्हणतात. जन्मांध मुलाच्या वाट्याला हा सहवास येत नाही, कारण ब्रेलचा ठिपका वाटेत आपणहून भेटत नाही. तो कुणीतरी मुद्दाम बोटाखाली आणून ठेवावा लागतो. सहाव्या वर्षी शाळेत दाखल होणाऱ्या अंध आणि डोळस मुलांमध्ये जे अंतर दिसते, ते बहुतेक वेळा बुद्धीचे नसून या हुकलेल्या सहवासाचे असते.

अंधांसाठी अक्षरे उठावदार केली की काम भागते, ही समजूत जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा काढणाऱ्या व्हॅलेंटिन हॉय यांनी रोमन अक्षरेच कागदावर उठवून पुस्तके तयार केली. ती वाचता येत, पण अतिशय सावकाश, आणि मुलांना स्वतः तसे लिहिणे जवळजवळ अशक्य होते. त्याच शाळेतील लुई ब्रेल (१८०९-१८५२) या विद्यार्थ्याने वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत सहा ठिपक्यांची पद्धत सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळ्यांसाठी घडलेला आकार बोटाला जड जातो आणि बोटाची लिपी बोटाच्या मापानेच घडवावी लागते, हा तिचा धडा होता. ब्रेलचे एक घर बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावते. त्यात डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६ असे ठिपके असतात, आणि त्यांच्या मांडणीतून ६३ चिन्हे तयार होतात. आपल्याकडे दसऱ्याच्या पाटीपूजनात मुलाचे बोट धरून तांदळात अक्षर गिरवून घेतात. तो संस्कार अंध मुलासाठीही गोड आहे. मात्र त्या तांदळातील ‘श्री’ त्याची वाचनाची लिपी होऊ शकत नाही.

मराठी मुलाची ती लिपी म्हणजे भारती ब्रेल. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या या पद्धतीत भारतीय भाषांतील समान ध्वनींना समान चिन्हे दिलेली आहेत, आणि तिची रचना लहान मुलाला सोपी जाते, याकडे फारसे लक्ष वेधले जात नाही. छापील देवनागरीत वेलांटी व्यंजनाच्या आधी किंवा नंतर, मात्रा डोक्यावर, तर उकार पायाशी येतो. ब्रेलमध्ये स्वर व्यंजनानंतर, उच्चाराच्या क्रमाने, एका ओळीत येतो. ‘सूर्य’, ‘चक्र’ आणि ‘राष्ट्र’ या शब्दांत छापील ‘र’ तीन रूपे धारण करतो, तर ब्रेलमध्ये तो तिन्ही ठिकाणी तोच राहतो आणि जोडाक्षराची सूचना अर्ध्या व्यंजनाआधी येणारा चौथा ठिपका देतो. मोबाइल मजकूर वाचून दाखवत असताना ब्रेलचे काय काम, हा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर ‘दिन’ आणि ‘दीन’ या दोन शब्दांत आहे. कानाला हा फरक सहसा कळत नाही. बोटाला मात्र ऱ्हस्व इकार (२, ४) आणि दीर्घ ईकार (३, ५), म्हणजे तीच तिरपी जोडी एक पायरी खाली उतरलेली, स्वच्छ लागते. ऐकण्याने ज्ञान मिळते, पण शुद्धलेखन, परिच्छेद आणि स्वतःचे लिहिलेले तपासण्याची सवय वाचनानेच लागते.

तथापि लिपीपूर्वी वस्तू यावी लागते. ‘ह हत्तीचा’ हे वाक्य चित्राच्या आधारे उभे असते, आणि अंध मुलाच्या हाती प्लास्टिकचा हत्ती दिला तर त्याला चार पायांचा गुळगुळीत तुकडा मिळतो, हत्ती नव्हे. त्याच्यासाठी ‘च चमच्याचा’ आणि ‘न नारळाचा’ ही खरी बाराखडी होय, कारण चमचा त्याच्या ताटात आहे आणि नारळाची शेंडी, करवंटी, खोबरे व पाणी ही सारी त्याच्या हातांनी अनुभवलेली आहेत. याच तत्त्वावर अनुभवपुस्तके तयार होतात: बाजारात जाऊन आल्यावर पिशवीचा तुकडा, बसचे तिकीट आणि शेंगेचे टरफल जाड पानांवर चिकटवून खाली ब्रेलमध्ये एकेक ओळ लिहितात, म्हणजे मूल स्वतःचीच गोष्ट बोटांनी पुन्हा वाचते. मटार सोलणे, कणीक मळणे, बटणे लावणे ही घरातली कामे बोटांना जोर आणि बारकावा देतात. अंड्यांच्या सहा खळग्यांच्या खोक्यात चेंडू ठेवून ब्रेलच्या घराची ओळख खेळता खेळता होते. लेखनाची ब्रेल पाटी स्वस्त आहे, परंतु तिच्यावर कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे, ठिपके उलटे टोचावे लागतात, जे चार वर्षांच्या मुलाला अवघड असते. १९५१ मध्ये आलेल्या पर्किन्स ब्रेलर या यंत्रावर मात्र कळ दाबताच उमटलेला ठिपका त्याच क्षणी चाचपता येतो.

ज्या मुलाला ऐकूही येत नाही, त्या बधिरांध मुलाबाबत भाषेचाच पाया स्पर्शातून घालावा लागतो. बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत १८३७ मध्ये आलेल्या लॉरा ब्रिजमन या मुलीला सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावदार नावे चिकटवून शब्द आणि वस्तू यांचे नाते शिकवले. १८८७ मध्ये ॲन सलिव्हन यांच्याकडे शिकू लागलेली हेलन केलर उठावदार शब्दांच्या पट्ट्या वस्तूंवर ठेवून, इतकेच नव्हे तर ‘मुलगी’ ही पट्टी अंगावर लावून स्वतः कपाटात उभी राहून, वाक्य तयार करत असे. नेदरलँड्समधील यान फान डाइक यांनी विसाव्या शतकात रूढ केलेल्या वस्तु-दिनक्रमात ओळीने ठेवलेल्या कप्प्यांत आंघोळीसाठी तांब्या, जेवणासाठी वाटी अशा वस्तू असतात. मूल वस्तू उचलते, ते काम करते आणि झाल्यावर ती ‘संपले’च्या डब्यात टाकते. डावीकडून उजवीकडे जाणारी ही ओळ त्याचे पहिले वाचन असते. येथे शिक्षकाने मुलाचा हात पकडून ओढू नये, आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा, म्हणजे शोध मुलाचा राहतो.

या कार्याशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. मुंबईत १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली, बेरोझ वाच्छा यांनी १९७७ मध्ये बधिरांध मुलांसाठी हेलन केलर संस्था उभारली, आणि २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख असून सहा ते अठरा वर्षे वयाच्या, ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परंतु साक्षरतेचे बीज सहाव्या वर्षापूर्वी पडते, आणि ते वय घराचे व अंगणवाडीचे असते.

म्हणून पहिली जबाबदारी शाळेवर नसून भोवतालच्या मोठ्या माणसांवर येते. साक्षर आई-वडील डोळ्यांनी भारती ब्रेल शिकू शकतात. छापील मजकुरावर पारदर्शक ब्रेल पट्टी चिकटवलेले एकच पुस्तक आई डोळ्यांनी आणि मूल बोटांनी एकत्र वाचू शकते. मिठाची बरणी, मुलाचा पेला, खोलीचे दार यांवर त्यांची ब्रेल नावे लावायला फारसा खर्च येत नाही. ज्यांच्या घरी, शेजारी किंवा गावच्या अंगणवाडीत असे मूल आहे, त्यांनी त्याचे सहावे वर्ष उजाडण्याची वाट न पाहता जवळच्या अंधशाळेची मदत घ्यावी आणि पुढच्या दसऱ्याला तांदळातल्या अक्षराशेजारी त्याच्या नावाचे ब्रेल अक्षरही पूजेला मांडावे.