दरकरार आणि गावची पेढी

सरकारी खरेदी एका हाती असावी, की ज्यास वस्तूची गरज त्याच्या हाती, हा वाद आपल्या देशात जुना आहे. १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले. तोवर सरकारी मालाची बरीच खरेदी लंडनच्या कचेरीमार्फत होत असे. पुढे हे काम पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाकडे आले.

या खात्याची दरकराराची पद्धत आम्हांस विशेष विचारार्ह वाटते. भाव, प्रत व शर्ती एकदाच मध्यवर्ती खात्याने ठरवाव्यात. मागणीपत्र मात्र ज्या त्या कचेरीने आपल्या गरजेनुसार थेट पुरवठादाराकडे धाडावे. म्हणजे सौदा एकाचा, मागणी शंभरांची.

आमच्यासारख्या पेढ्यांची गिऱ्हाइकी यात गेली, हे खरे. आमच्याकडून नित्य माल नेणाऱ्या एका कचेरीने कुलुपे दरकराराने मागविली. ती स्वस्त होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण एक पेटी सदोष निघाली. ती बदलून येण्यास अडीच महिने लागले आणि तोवर त्याच कचेरीचा कारकून आमच्याकडून उधारीवर कुलुपे नेत होता! उलटपक्षी, भाव ज्या त्या साहेबाच्या मर्जीवर सोपविला म्हणजे काय चालते, तेही आपण सर्व जाणतो; येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

ते महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. २०१६ च्या ऑगस्टात ‘जेम’ ही सरकारी ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली होती. येथे बाजार एक, परंतु सौदा ज्या त्या कचेरीचा. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून किमान २० टक्के खरेदी व्हावी, असे २०१२ च्या धोरणाने ठरविले. २०१८ साली ते प्रमाण २५ टक्के झाले. मात्र ही सवलत माल बनविणाऱ्यास व सेवा देणाऱ्यास आहे, केवळ विक्री करणाऱ्यास नाही. आपल्या बहुतेक सभासदांनी ही गोष्ट नीट ध्यानी घ्यावी.

बारदान व बांधणीचा माल संघाने एकत्र खरीदावा, अशी सूचना सभासदांकडून येत असते. आमचे मत असे, की भाव संघाने ठरवावा. मागणी व चुकती रक्कम ज्याची त्याने पाहावी. सदोष माल कोणी व किती दिवसांत बदलून द्यावयाचा, हे कलम मात्र करारात भावाच्याही आधी लिहावे.