विंटर टायर की ऑल-वेदर? एका साध्या प्रश्नाचं रिसर्च डिझाइन

"तू रबरावरच पीएचडी करतेयस ना? मग एका वाक्यात सांग. विंटर टायर घेऊ की ऑल-वेदर?"

मागच्या ऑक्टोबरात माझ्या रूममेटने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हा प्रश्न विचारला. ती मूळची नाशिकची, इथे मॉन्ट्रियलमध्ये नर्स आहे. पहाटे साडेपाचला घरातून निघते, तेव्हा रस्ता साफ करणारी गाडी आमच्या गल्लीत येऊन गेलेली असेलच असं नाही. तिच्याकडे सेकंडहँड इलेक्ट्रिक कार आहे. आणि मला, तीन वर्षं पॉलिमरच्या लॅबमध्ये काढूनही, एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. "थांब, बघून सांगते," म्हणाले. घरून फोनवर "अजून किती वर्षं राहिली?" असं विचारतात ना, तशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं.

प्रपोजल लिहिताना "आधी प्रश्न नीट मांडा" असं आपल्याला सगळेच सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला या टायरच्या भानगडीत जितकं कळलं तितकं मेथडॉलॉजीच्या कोर्समध्ये कळलं नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याकडे टायर गुळगुळीत झाला की बदलायचा, एवढाच हिशेब असतो. क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. चालतील ते टायर कसे ओळखायचे? बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, त्यावरून. (खिळ्यांचे टायरही चालतात, ते सोडून देऊ.) नुसते 'ऑल-सीझन' म्हणून विकले जाणारे टायर बहुतेक या चिन्हाशिवाय असतात, म्हणून ते बाद. 'ऑल-वेदर' मात्र चिन्हासकट येतात आणि बाराही महिने चालतात. नावं इतकी सारखी आहेत की दुकानात हमखास घोळ होतो. थोडक्यात कायद्याच्या दृष्टीने विंटर आणि ऑल-वेदर दोन्ही पास. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

रूममेटचा कल ऑल-वेदरकडे होता. वर्षातून दोनदा टायर बदलायचा खर्च नाही, चार टायर ठेवायला जागा शोधायला नको. आणि तिच्याकडे पुरावाही होता: "मागच्या वर्षी नोव्हेंबरात जुने विंटर टायर लावले आणि महिन्याभरात पाव रेंज गेली. स्क्रीनवर दिसतंय."

इथे जरा थांबा. आकडा खरा आहे, खोटं कोणी बोलत नाहीये. पण नोव्हेंबरात आणखी काय काय बदललं?

एक, हवेतला गारठा. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाची फुकटची उष्णता मिळत नाही, केबिन बॅटरीवरच तापवावी लागते. हीटर सरासरी ३ किलोवॅट घेतो असं धरा (हीट पंप असेल तर कमी). शहरात ताशी ३० किलोमीटरच्या सरासरीने १०० किलोमीटर जायला ३ तास २० मिनिटं लागतात, म्हणजे १० किलोवॅट-तास नुसत्या उबेवर गेले.

आता टायरचं बघू. २००० किलोची गाडी, रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.००८ धरला तर १०० किलोमीटरला सुमारे ४.४ किलोवॅट-तास जातात. टायर बराच वाईट, म्हणजे ०.०१० धरला तर ५.५. फरक साधारण १.१ किलोवॅट-तास. हे आकडे मी गृहीत धरलेत, मोजलेले नाहीत, पण अंदाजाला पुरेसे आहेत. हिवाळ्यात गाडी १०० किलोमीटरला २५ किलोवॅट-तास खात असेल तर टायरमुळे झालेला फरक चार-पाच टक्के. पाव रेंज टायरने खाल्ली नाही, बरीचशी हीटरने खाल्ली.

आणि तिसरा चोर तर मलाही आधी सुचला नव्हता. हवेचा दाब. २० अंशांना टायरमध्ये ४२ पीएसआय भरले होते समजा. तेच उणे २० अंशांना किती राहतील? अकरावीचा गॅसचा नियम लावा, मात्र दाब निरपेक्ष घ्यायला विसरू नका: ४२ अधिक वातावरणाचे १४.७, म्हणजे ५६.७. तापमान २९३ वरून २५३ केल्व्हिन. उत्तर येतं ४९, त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३४. आठ पीएसआय गायब, आणि कुठे पंक्चर नाही! दाब कमी झाला की टायर जास्त दबतो, जास्त ऊर्जा खातो. मी तिला विचारलं, मागच्या हिवाळ्यात हवा कधी तपासलीस? उत्तर आलं, "एप्रिलमध्ये."

याला कन्फाउंडिंग म्हणतात. तुम्ही एक गोष्ट बदलली आणि त्याच आठवड्यात निसर्गाने तीन बदलल्या. आधी-नंतरची तुलना करणाऱ्या कितीतरी प्रबंधांमध्ये हीच चूक असते, फक्त तिथे टायरऐवजी खत असतं किंवा शिकवण्याची नवी पद्धत. माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षाच्या डेटात होती. नवीन फिलरमुळे रबर कडक झालं असं मी मोठ्या आनंदाने ग्रुप मीटिंगमध्ये दाखवलं, आणि सीनियरने शांतपणे विचारलं की हे नमुने ओव्हनमध्ये जास्त वेळ राहिले होते का. राहिले होते.

म्हणजे रेंजचा मुद्दा जवळजवळ निकालात निघाला. पण मुळात आम्ही रेंजवर इतका वेळ का घालवत होतो? कारण ती स्क्रीनवर दिसते. निसरड्या रस्त्यावर गाडी किती मीटरांत थांबेल, हे कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही.

मग ते मोजणारं काही आहे का? मला वाटलं होतं ते डोंगराचं चिन्ह त्यासाठीच असेल. चाचणीची पद्धत वाचली आणि चक्रावले. उत्तर अमेरिकेत हे चिन्ह मिळवायला टायरला मध्यम दाबलेल्या हिमावर, सरळ रेषेत, गाडी पुढे खेचताना, ठरावीक संदर्भ टायरपेक्षा साधारण दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. झालं. ब्रेक नाही, वळण नाही, आणि बर्फ नाही.

मराठीत आपण वरून पडणाऱ्या भुसभुशीत पांढऱ्या थरालाही बर्फ म्हणतो आणि फ्रीजमधल्या काचेसारख्या तुकड्यालाही बर्फच. या लेखात पहिल्याला हिम म्हणते, दुसऱ्याला बर्फ, कारण टायरच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगं आहेत. हिमात टायरच्या खाचा हिम दाबून धरतात आणि त्याचाच आधार घेऊन गाडी पुढे जाते. बर्फावर धरायला काही नसतंच. वर पाण्याचा अतिसूक्ष्म थर, आणि त्यातून मऊ रबर पृष्ठभागाला टेकलं तर टेकलं. विंटर टायरवर बारीक चिरांची जाळी असते ती त्या पाण्याला बाजूला सारायला आणि ठोकळ्यांना जास्त कडा द्यायला. म्हणजे चिन्ह आहे म्हणून हिमात बरा, एवढंच सिद्ध होतं. बर्फावरच्या ब्रेकबद्दल ते काहीच बोलत नाही. युरोपात २०२१ पासून टायरच्या लेबलवर बर्फावरच्या पकडीसाठी वेगळं चिन्ह आलंय, म्हणजे ही उणीव त्यांनाही जाणवली असणार.

आता माझ्या आवडीचा भाग. रबर थंडीत कडक का होतं? प्रत्येक पॉलिमरला एक काच-संक्रमण तापमान असतं, त्याच्या खाली साखळ्या हलेनाशा होतात आणि रबर काचेसारखं ठिसूळ होतं. नैसर्गिक रबराचं हे तापमान उणे ७० अंशांच्या आसपास, पॉलिब्युटाडाइनचं त्याहून खाली, उणे १०० च्या आसपास. मग उणे १५ ला काळजी कसली? गंमत अशी की रबराला वेळ आणि तापमान यांची अदलाबदल करता येते. जलद हलवलेलं रबर थंड रबरासारखं वागतं. चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला साधारण अकरा वेळा फिरतं, तेव्हा रबर निवांत असतं. पण ब्रेक लावल्यावर रस्त्याच्या बारीक खडबडीवरून घसरताना त्याच रबराला सेकंदाला हजार ते दहा लाख वेळा हलावं लागतं. त्याच्यासाठी ते तापमान कित्येक अंश खाली गेल्यासारखंच. १९५५ मध्ये विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी यासाठी दिलेलं समीकरण आमच्या लॅबमध्ये आजही रोज वापरलं जातं.

म्हणूनच लॅबमध्ये रबराचा तुकडा कमी गतीनेच हलवतात, पण वेगवेगळ्या तापमानांना. ६० अंशांना तो किती ऊर्जा गिळतो यावरून रोलिंग रेझिस्टन्सचा अंदाज येतो, ० अंशांना किती गिळतो यावरून ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा, आणि उणे २० ला किती मऊ आहे यावरून हिवाळ्यातल्या वागण्याचा. तिन्ही एकदम चांगलं मिळत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने कार्बन ब्लॅकच्या जागी सिलिका वापरून पहिल्या दोघांतली ओढाताण बरीच सैल केली, पण संपवली नाही. ऑल-वेदर टायरला तर जुलैतल्या तापलेल्या डांबरावरही टिकायचंय, म्हणून त्याला विंटर टायरइतकं मऊ होणं परवडत नाही. यात कुणाची फसवणूक नाही, तो तडजोड म्हणूनच बनवलेला आहे.

जाता जाता: "७ अंशांच्या खाली विंटर टायर" हा नियम सगळीकडे वाचाल. सात अंशांना रबरात काहीही अचानक घडत नाही, बदल हळूहळू होत असतो. सोयीचा आकडा आहे. पेपरमध्ये असा गोल आकडा दिसला की तो आला कुठून ते शोधायची सवय लावून घ्या.

मग मी रूममेटसमोर कागदावर एकच गणित केलं. वेग ताशी ५० किलोमीटर. एका टायरचा बर्फावरचा घर्षण गुणांक ०.१०, दुसऱ्याचा ०.१५ धरला. पहिला ९८ मीटरांत थांबतो, दुसरा ६६ मीटरांत. ती म्हणाली, "ठीक आहे, बत्तीस मीटर." मी म्हटलं, असं बघ, चांगल्या टायरची गाडी जिथे पूर्ण थांबलीये, तिथे दुसरी अजून ताशी २९ किलोमीटरने चाललीये. ती गप्प झाली. ताशी २९ ने धडकलेला माणूस इमर्जन्सीत कसा येतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

"पण माझी गाडी जड आहे ना, तिची पकड जास्त असेल." हा प्रश्न सगळेच विचारतात. त्या सूत्रात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. वजनाने पकड वाढते तशी थांबवायची ऊर्जाही वाढते. प्रत्यक्षात रबराचा गुणांक दाब वाढला की थोडा घटतो, म्हणजे झालाच तर तोटा. चारही चाकांना मोटर असली तरी ती निघायला मदत करते, थांबायला ब्रेक चारही चाकांना सगळ्याच गाड्यांत असतो. उलट इलेक्ट्रिक गाडीत एक वेगळी खोच आहे. पेडलवरून पाय काढला की मोटर स्वतःच ब्रेक लावते, तेही ज्या चाकांना ती जोडलीये त्यांनाच. गुळगुळीत वळणावर तेवढ्यानेही चाक घसरू शकतं, म्हणून बर्फ असेल तेव्हा ही सेटिंग कमी ठेवावी. आणि टायरची भारक्षमता गाडीच्या वजनाला पुरेशी आहे ना, ते बाजूवरच्या आकड्यावरून बघावंच.

सगळ्यात निसरडा बर्फ उणे २० चा नसतो, हेही तिला नवीन होतं. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो, पकड थोडी बरी मिळते. घात होतो तो शून्याच्या आसपास, पाऊस पडता पडता रस्त्यावर गोठतो तेव्हा. मॉन्ट्रियलने जानेवारी १९९८ मध्ये अशा पावसाचं भयंकर रूप बघितलंय, लाखो लोक कित्येक दिवस विजेविना होते. आणि तिच्या वाटेवर कोट-दे-नेज आहे. फ्रेंचमध्ये कोट म्हणजे चढ, नेज म्हणजे हिम. नावातच सगळं आलं.

तिने विंटर टायर घेतले. त्याच आठवड्यात माझ्या गाईडनी ऑल-वेदर घेतले आणि मी त्यांना अडवलं नाही. ते मेट्रोने येतात, गाडी रविवारी काढतात, आणि रस्ता खराब असेल तर काढतच नाहीत. टायरची माहिती दोघांसाठी तीच होती. फरक एवढाच की तिला पहाटे साडेपाचला "आज नको" म्हणता येत नाही. माझ्या पहिल्या स्प्रेडशीटमध्ये किंमत, आवाज, रेंज, आयुष्य असे अकरा कॉलम होते. "ही फेरी टाळता येते का" हा कॉलमच नव्हता, तो तिच्याशी बोलताना सापडला.

आता तिच्या गाडीच्या कप्प्यात एक वही आहे. तारीख, सकाळचं तापमान, थंड टायरमधला दाब, हीटर किती वेळ, किती किलोवॅट-तास. पहिल्याच पानावर तिने लिहिलंय: "कंट्रोल ग्रुप नाही. दुसरी गाडी रबरवाल्या बाईंनी घ्यावी."