पेट्रोलवरचा पहिला विक्रीकर आणि न्यायमूर्ती जयकर

नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे खानदेशात सर्वांना ठाऊक असते. हद्दीपलीकडच्या पंपावर पेट्रोल स्वस्त मिळते, हेही ठाऊक असते. दोंडाईच्याहून सुरतेकडे निघालेले अनेक गाडीवाले टाकी भरायची ती हद्द ओलांडल्यावरच. तेल तेच, कंपनीही तीच. मग भाव निराळा का? ‘राज्याचा कर निराळा’ एवढे उत्तर कोणीही देईल. पण राज्याला हा कर लावण्याचा अधिकार आहे, हे पहिल्यांदा कोणी ठरवले? त्याचा शोध घेत गेले की मुकुंद रामराव जयकर या नावापाशी येऊन थांबावे लागते.

मी वकील नाही. व्यापाऱ्यांची करविषयक कागदपत्रे तयार करणे हा माझा व्यवसाय. कायद्याचे जे काही वाचन झाले ते त्याच ओघात. जयकरांचे नाव मात्र त्याआधीपासून परिचयाचे होते. १९९० मध्ये जळगावला वेगळे विद्यापीठ होईपर्यंत धुळे-जळगावची महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, आणि जयकर त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. विद्यापीठाच्या ग्रंथालयालाही त्यांचेच नाव आहे. कुलगुरू जयकर आपल्याला माहीत आहेत, गांधीजी आणि व्हाइसरॉय यांच्यात सप्रूंच्या जोडीने मध्यस्थी करणारे जयकरही माहीत आहेत. न्यायमूर्ती जयकरांची ओळख मात्र फारशी उरलेली नाही.

त्यांचा जन्म १८७३ सालचा, मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातला. बॅरिस्टर होऊन त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने जी चौकशी समिती नेमली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकर होते. पुढे ते स्वराज्य पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात आणि नंतर मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९२७ मध्ये सरकारने देशातील रस्त्यांच्या विचारासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पेट्रोलवर जादा शुल्क बसवावे आणि ते उत्पन्न रस्त्यांवरच खर्च करावे, असे या समितीने सुचवले. त्यानुसार १९२९ मध्ये गॅलनमागे चार आण्यांचे शुल्क सहा आणे झाले आणि वरचे दोन आणे रस्ते निधीत जाऊ लागले. पेट्रोलच्या पैशाची वाटणी हा विषय जयकरांनी न्यायासनावर बसण्यापूर्वीच असा हाताळलेला होता.

१९३५ च्या कायद्याने हिंदुस्थानचे संघराज्य व्हायचे होते. संस्थानिक त्यात आले नाहीत, म्हणून संघराज्य कागदावरच राहिले. त्याचे न्यायालय तेवढे १ ऑक्टोबर १९३७ रोजी अस्तित्वात आले. हेच फेडरल कोर्ट. न्यायाधीश तिघे: सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, अलाहाबादचे सर शाह मुहम्मद सुलेमान आणि जयकर. न्यायालय भरे ते दिल्लीतील नरेंद्रमंडळाच्या दालनात. जे संस्थानिक संघराज्यात आले नाहीत, त्यांच्याच दालनात संघराज्याचे न्यायालय, असा तो योग होता.

या न्यायालयापुढे आलेले पहिले मोठे घटनात्मक प्रकरण पेट्रोलचे. आपल्या शेजारच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. त्याने १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर बसवला. देशातला हा पहिला विक्रीकर मानतात. केंद्र सरकारला तो मान्य नव्हता. उत्पादन शुल्क केंद्राच्या यादीतले आहे आणि माल तयार होण्यापासून वापरला जाईपर्यंत कोणत्याही टप्प्यावर ते घेता येते, म्हणून किरकोळ विक्रीवरचा करही आमच्याच हद्दीत येतो, असे केंद्राचे म्हणणे. प्रांत आपल्या यादीतल्या ‘मालाच्या विक्रीवरील कर’ या शब्दांकडे बोट दाखवत होता. गव्हर्नर जनरलने न्यायालयाचा अभिप्राय मागवला.

२ डिसेंबर १९३८ रोजी तिन्ही न्यायमूर्तींनी आपापले स्वतंत्र अभिप्राय दिले. निष्कर्ष एकच होता: प्रांताचा कायदा वैध आहे. युक्तिवादाचे सार साध्या शब्दांत असे सांगता येईल. एकाच कायद्याने एकाला मोठा, मोघम अधिकार दिला आणि दुसऱ्याला नेमका, लहान अधिकार दिला, तर मोठ्याचा अर्थ इतका ताणू नये की लहान नावापुरताच उरेल. वाटणीपत्रात धाकट्या भावाच्या नावे विहीर लिहिली असेल, तर ‘सगळी जमीन माझी’ म्हणून थोरल्याला ती घेता येत नाही, तसेच हे.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या न्यायाधीशांनी ब्रिटिश सरकारचेच म्हणणे फेटाळले आणि काँग्रेसच्या प्रांताला अधिकार दिला, ही गोष्ट लहान नव्हती. ज्या जयकरांच्या समितीने पेट्रोलचे पैसे केंद्राच्या निधीत घालायला सांगितले होते, त्यांनीच न्यायासनावरून प्रांताचा हक्क मान्य केला, हे मला अधिक मोलाचे वाटते. समितीत प्रश्न काय असावे याचा होता, न्यायालयात कायद्यात काय आहे याचा. हा फरक त्यांनी पाळला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९३९ मध्ये, ते प्रिव्ही कौन्सिलवर गेले. फेडरल कोर्टातील त्यांची कारकीर्द जेमतेम सव्वा वर्षाची.

दुसऱ्याच्या हक्काची ही कदर पुढेही दिसते. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव आला, तेव्हा मुस्लिम लीग आणि संस्थाने यांना येऊ द्यावे, तोवर मतदान थांबवावे, अशी उपसूचना जयकरांनी मांडली. सभागृहाला ती रुचली नाही, तरी ठराव मंजूर झाला तो जानेवारीतच.

अभिप्रायाने मोकळी झालेली वाट इतर प्रांतांनी धरली. १९३९ मध्ये मद्रासने सर्वसाधारण विक्रीकर आणला, १९४६ मध्ये मुंबईने. स्वातंत्र्यानंतर हा अधिकार राज्यघटनेच्या राज्यसूचीत ५४ व्या नोंदीत गेला आणि राज्यांच्या तिजोरीचा मोठा आधार झाला. जीएसटीसाठी २०१६ मध्ये घटनादुरुस्ती झाली तेव्हा ती नोंद आक्रसली. आज तिच्यात कच्चे तेल, डिझेल, पेट्रोल, नैसर्गिक वायू, विमानाचे इंधन आणि मद्य एवढेच उरले आहे. राज्यांचा विक्रीकर पेट्रोलपासून सुरू झाला आणि आता मुख्यतः पेट्रोल-डिझेल आणि दारूपुरता राहिला आहे.

‘पेट्रोल जीएसटीत आणा’ ही मागणी वरचेवर होते. ग्राहक म्हणून मलाही ती पटते. नवापूरच्या दोन्ही बाजूंना भाव जवळपास सारखा होईल. पण त्या दिवशी राज्याच्या हाती स्वतः दर ठरवता येणारा विक्रीकर जवळजवळ उरणार नाही, आणि १९३८ मध्ये मिळालेला हक्क राज्यांनी स्वखुशीने सोडलेला असेल. तो सोडावा की नाही, यावर दुमत असू शकते. काय सोडतो आहोत, हे मात्र माहीत असावे. आणि त्यासाठी जयकरांचा तो अभिप्राय आजही वाचण्याजोगा आहे.