डॉक्टर बोलतात, पण कोणाशी?

साखरखेर्ड्याच्या पेठेतील एखाद्या घरच्या वृद्ध माँजींना मधुमेहासाठी मेहकर, चिखली किंवा छत्रपती संभाजीनगरला नेले जाते, तेव्हा तपासणीच्या खोलीत बहुधा तीन माणसे असतात: डॉक्टर, माँजी आणि त्यांचा मुलगा. प्रश्न मुलाला विचारले जातात, उत्तरे मुलगाच देतो आणि चिठ्ठीही त्याच्याच हाती पडते. ज्यांची प्रकृती तपासली गेली त्या माँजींच्या वाट्याला "काळजी करू नका" एवढेच वाक्य येते. त्यांच्याच दुकानात पोती उचलणारा हमाल तोच आजार घेऊन गेला, तर त्याच्या बाजूने विचारणाराही कोणी नसतो. गोळी केव्हा घ्यायची, हे त्याला औषधाच्या दुकानातील पोरगा पाकिटावर रेघा ओढून सांगतो. शेठजी स्वतः रुग्ण असले की मात्र अहवालातील आकडे समजावून सांगितले जातात, पथ्याचा कागद मिळतो, प्रसंगी डॉक्टरांचा फोन क्रमांकही मिळतो. आजार एक, फी एक. स्पष्टीकरण मात्र पत पाहून.

डॉक्टरांना वेळ नसतो, ही तक्रार खोटी नाही. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील प्राथमिक तपासणीचा वेळ सुमारे २ मिनिटे आढळला. स्वीडनमध्ये तो २२ मिनिटांहून अधिक होता. परंतु त्या दोन मिनिटांतही डॉक्टरांची नजर कोणाकडे वळते, हा प्रश्न वेळेचा नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतही ही संदिग्धता आहे. आजाराचे गांभीर्य वाढवून किंवा कमी करून सांगू नये, असे ते बजावतात. पण त्याची माहिती रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना 'किंवा' जबाबदार मित्रांना असली तरी पुरे मानतात. या एका 'किंवा'त माँजी बाजूला पडतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे अंतर नेमके दाखवून दिले. ४४ वर्षांच्या त्या अविवाहित स्त्रीने केवळ दुर्बिणीने तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजाशय काढण्यात आले. रुग्ण सज्ञान आहे, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते, म्हणून आईची संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. माया आईचीच होती, तरीही निर्णय मुलीचाच होता. घरातील कर्त्या पुरुषाने परस्पर होकार देण्याची सवय असलेल्या आपल्या कुटुंबांनी हा निकाल वाचण्यासारखा आहे.

रुग्णाशी न बोलण्याची किंमत किती असते, याचा दाखला विदर्भातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या मात्र केवळ ८ टक्के होत्या. दुखणे होते, ते सांगण्यासाठी स्त्रियांकडे शब्दही होते. ते ऐकून घेणारे कोणी नव्हते. 

जैन घरांत या अबोल्याला आणखी एक पदर आहे. "सकाळ-दुपार-रात्र" असे चिठ्ठीवर लिहिताना डॉक्टरांच्या मनात रात्रीचे नऊ असतात. चौविहार पाळणाऱ्या माँजींसाठी सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही वर्ज्य. मग रात्रीची गोळी त्या सायंकाळीच घेतात किंवा गुपचूप सोडून देतात. मुलाला ते ठाऊक नसते, आणि पुढच्या खेपेस तो डॉक्टरांना "औषध वेळेवर चालू आहे" असे प्रामाणिकपणे सांगतो. साखर वाढलेली पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात.

पर्युषणात तर धोका प्रत्यक्षच. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात अन्न नसतानाही साखर खाली आणतात; घाम, थरथर, भ्रम आणि शेवटी बेशुद्धी. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका पुष्कळच कमी. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर असलेल्याने निर्जळ उपवास केला, तर शरीरातील पाणी घटते. हे फरक त्या त्या गोळीचे आहेत आणि ते उपवास करणाऱ्या व्यक्तीलाच ठाऊक असायला हवेत; पच्चक्खाण तिने घेतलेले असते, मुलाने नव्हे. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे असते, हे कळल्यावर औषधच टाकून देणाऱ्या श्राविका कमी नसाव्यात. पुष्कळदा तेच औषध गोळीच्या रूपात मिळते. पण त्यासाठी कोणीतरी विचारावे लागते, आणि विचारणाऱ्याला "डॉक्टर तुम्ही की मी?" हे ऐकावे लागू नये.

माँजींनी स्वतः बोलावे आणि मुलाने शेजारी बसून फक्त राहिलेले आठवण करून द्यावे, एवढा बदल घरातूनच होऊ शकतो. निघण्यापूर्वी "मी घरी जाऊन काय करायचे, ते सांगते, चुकले तर सांगा" असे म्हणून औषधांच्या वेळा डॉक्टरांसमोरच उजळाव्यात. परदेशांतील रुग्णालयांत डॉक्टर स्वतःच रुग्णाकडून असे वदवून घेतात. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, हा नियम २०१६ पासून आहे. उपचाराच्या नोंदी मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, हा त्याहून जुना. दोन्ही नियम हमालालाही लागू आहेत. त्याला ते बहुधा ठाऊक नसतात; त्याच्या शेठजींना असू शकतात, आणि दुकानातून तालुक्याला जाणाऱ्या गाडीत त्याच्यासाठीही जागा असते.