नियम हवेत, निमित्ते नकोत

अठरा वर्षे पूर्ण झालेला तरुण या देशाची लोकसभा निवडू शकतो. १९८९ साली अंमलात आलेल्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले, तेव्हा तरुणांच्या विवेकावर राष्ट्राने टाकलेला हा विश्वास होय, असे म्हटले गेले. आणि ते यथार्थच होते. परंतु त्यानंतर पाचच वर्षांनी, १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने, त्याच तरुणाचा आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क काढून घेतला. वर्गात ज्यास सर्वांत अधिक गुण, तो वर्गाचा प्रतिनिधी, असा दंडक घालण्यात आला. पंतप्रधान कोणाच्या पाठिंब्यावर व्हावा हे ठरवावयास जो लायक, तो स्नेहसंमेलनाचा खर्च कोणी पाहावा हे ठरवावयास मात्र नालायक, अशी ही विसंगती होती.

ही विसंगती आकाशातून पडली नव्हती, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्या काळी शिकलेल्या कोणासही विचारावे, तो जी. एस. आणि यू. आर. यांच्या निवडणुकांच्या आठवणी सांगू लागेल, आणि त्या साऱ्याच सुखद असणार नाहीत. वर्गप्रतिनिधींना सहलीच्या नावाखाली मतदानाच्या दिवसापर्यंत कोठेतरी दूर नेऊन ठेवावयाचे, त्यांच्या खाण्यापिण्याची बडदास्त ठेवावयाची आणि मोटारीतून थेट मतपेटीपाशी आणून उतरवावयाचे, हा प्रकार कित्येक महाविद्यालयांत जणू प्रघातच होऊन बसला होता. मुलगा शिकावयास गेला आहे की सैन्यात, असा प्रश्न पालकांस पडावा, अशीच ती स्थिती होती. तेव्हा निवडणुका बंद झाल्या याचे दुःख फारसे कोणी केले नाही. परंतु रोग्याचा ताप उतरत नाही म्हणून त्याची नाडीच बंद करणे, यास उपचार म्हणत नाहीत.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि ही चूक निदान कागदावर तरी दुरुस्त झाली. महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनींची प्रतिनिधी आणि मागासवर्गीयांचा प्रतिनिधी यांची निवड सर्व विद्यार्थ्यांनी मतदान करून करावी, असे या कायद्याने ठरविले. २०१९ साली या निवडणुकांची तयारीही झाली; पण विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या आहेत हे कारण पुढे येऊन त्या लांबणीवर टाकण्यात आल्या. पुढच्याच वर्षी साथीने महाविद्यालयांचे दरवाजेच बंद केले. या लहानशा इतिहासातून एक धडा घेण्याजोगा आहे. निवडणूक अन्यायाने पार पडू शकते, हे आपण सारे जाणतो. परंतु ती न होण्यातही अन्याय असतो, आणि तो अधिक सोज्ज्वळ दिसतो म्हणून त्याची तक्रार कोणी करीत नाही.

म्हणून न्याय्य निवडणुकीचा पहिला नियम आमच्या मते तारखेचा असावयास हवा. नियमांचा विचार आपल्याकडे नव्याने करण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००५ च्या आदेशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली, आणि तिच्या शिफारशी न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी मान्य केल्या. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांच्या आत निवडणूक व्हावी आणि उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंतचे सारे दहा दिवसांत आटोपावे, असे ही समिती म्हणते. हा नियम विद्यापीठाच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत परीक्षेच्या तारखांप्रमाणे छापला गेला पाहिजे. जी तारीख पुढे ढकलता येते, ती पुढे ढकलली जाते. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेच्या पदवीधर गटाचेच उदाहरण घ्यावे. ती निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये ऐनवेळी स्थगित झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा तोच प्रकार होऊ लागला, तेव्हा उच्च न्यायालयास मध्ये पडावे लागले आणि मग कोठे मतदान झाले. प्रौढ पदवीधरांची ही कथा, तर पोरांची काय ऐकावयाची!

दुसरा प्रश्न पात्रतेचा. पदवीच्या विद्यार्थ्यास सतरा ते बावीस वर्षांची वयोमर्यादा, किमान ७५ टक्के उपस्थिती, कोणताही विषय राहिलेला नसणे, फौजदारी गुन्ह्याचा पूर्वेतिहास नसणे, अशा अटी लिंगडोह समितीने घातल्या आहेत. वर्षानुवर्षे वसतिगृहात ठाण मांडून बसणाऱ्या व्यावसायिक पुढाऱ्यास बाहेर काढण्यास त्या उपयोगी आहेत, यात संशय नाही. परंतु उपस्थितीची वही कोणाच्या टेबलाच्या खणात असते, हेही पाहिले पाहिजे. आपल्या अनेक महाविद्यालयांत ७५ टक्क्यांची अट वर्षभर कोणास आठवत नाही. ती आठवते ती नको असलेला उमेदवार उभा राहिला म्हणजे. जो नियम एरवी निजलेला असतो आणि एका माणसापुरता जागा होतो, तो नियम नव्हे, ते हत्यार होय. यावर उपाय साधा आहे. अर्ज मागविण्यापूर्वी आठ दिवस प्रत्येक वर्गाची उपस्थिती आणि मतदारयादी सूचनाफलकावर लावावी, हरकती लेखी घ्याव्यात, त्यांचा निकाल कारणांसह लेखी द्यावा, आणि एकदा यादी पक्की झाली की तीत एक अक्षर बदलू नये.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि खरी गोम येथेच आहे. उमेदवाराने ५,००० रुपयांहून अधिक खर्च करू नये, निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यावा, राजकीय पक्षांकडून पैसा घेऊ नये, छापील भित्तिपत्रके लावू नयेत, हाताने केलेली तेवढी ठरलेल्या जागी लावावीत, असे समितीचे नियम आहेत. दिल्लीत ते नियम होते; तरीही २०२४ च्या सप्टेंबरात दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत शहराच्या भिंती इतक्या रंगल्या की, भिंती स्वच्छ होईपर्यंत मतमोजणी करू नये, असा हुकूम उच्च न्यायालयास द्यावा लागला. मतदान २७ सप्टेंबरला झाले आणि निकाल लागला २५ नोव्हेंबरला! यावरून नियम निरुपयोगी आहेत, असे काहीजण म्हणतील. आम्ही उलट म्हणतो. मोडणाऱ्यास त्याची किंमत द्यावी लागली की नियम पाळला जातो, एवढेच यावरून दिसते. आणि ती किंमत न्यायालयाने दोन महिन्यांनी नव्हे, तर विद्यापीठाने दोन दिवसांत वसूल करावयास हवी होती.

तथापि केवळ मनाई करून गरीब विद्यार्थ्यास न्याय मिळत नाही. ज्याच्यापाशी पैसा नाही, त्यास आपले म्हणणे मांडण्याचे साधनही महाविद्यालयानेच दिले पाहिजे. सर्व उमेदवारांची निवेदने एकाच आकाराच्या पुस्तिकेत छापून ती प्रत्येक मतदारास द्यावी. मतदानापूर्वी सभागृहात सर्व उमेदवारांस एका व्यासपीठावर बसवून प्रत्येकास सारखा वेळ द्यावा आणि विद्यार्थ्यांस प्रश्न विचारू द्यावेत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा असा जाहीर वादविवाद होतो आणि तो ऐकावयास विद्यार्थी रात्र जागवितात. त्या विद्यापीठाच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, ही प्रथा उचलण्याजोगी आहे. तेथे निवडणूक चालविणारी समितीही विद्यार्थ्यांतूनच निवडलेली असते, हेही लक्षात घ्यावे.

याच ओघात चौथा प्रश्न येतो : निवडणूक चालवावयाची कोणी? आपली बहुसंख्य महाविद्यालये खासगी संस्थांची आहेत. प्राचार्य संस्थाचालकांस जबाबदार, आणि कित्येक संस्थाचालक स्वतःच राजकारणात मुरलेले. अशा स्थितीत प्राचार्यांनी नेमलेला निवडणूक अधिकारी कितीही सज्जन असला, तरी त्याच्यावर विश्वास बसणे कठीण. पंच आपल्याच संघाच्या कर्णधाराने नेमावा, असा खेळ कोठे खेळतात? म्हणून प्रत्येक महाविद्यालयातील निवडणूक अधिकारी दुसऱ्या संस्थेच्या महाविद्यालयातील ज्येष्ठ अध्यापक असावा आणि त्याची नेमणूक विद्यापीठाने चिठ्ठ्या टाकून करावी, अशी आमची सूचना आहे. मतदान गुप्त असावे, मोजणी त्याच दिवशी, त्याच आवारात, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर व्हावी आणि आकडे तेथेच फलकावर लिहावेत. तक्रारनिवारण समितीत विद्यार्थ्यांस स्थान असावे, ही लिंगडोह समितीची सूचना आहेच. तिच्या निकालाविरुद्ध एकच अपील असावे आणि तेही ठरलेल्या दिवसांत निकालात निघावे. अन्यथा विजयी उमेदवाराची मुदत संपल्यावर पराभूतास न्याय मिळावयाचा!

एका ठिकाणी मात्र आम्हांस कायद्याविषयीच शंका आहे. महाविद्यालयात सर्व विद्यार्थी मतदार. परंतु विद्यापीठाच्या परिषदेचे पदाधिकारी निवडावयाचे ते महाविद्यालयांतून निवडून आलेल्या प्रतिनिधींनी. शेकडो महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली असता दुसरा मार्ग सोपा नाही, हे खरे. मोठ्या विद्यापीठांसाठी लिंगडोह समितीनेही अप्रत्यक्ष पद्धतीस मान्यता दिली आहे. पण मतदार जितके थोडे, तितके ते विकत घेणे वा पळवून नेणे सोपे. आपल्या जुन्या अनुभवाचे सार हेच आहे. जी. एस. साठी पळविले जात होते ते मूठभर वर्गप्रतिनिधी. दोन हजार विद्यार्थ्यांचे अख्खे महाविद्यालय सहलीस नेणे कोणाच्या बापासही शक्य नव्हते. म्हणून महाविद्यालयांचे निकाल आणि विद्यापीठाचे मतदान यांत दोन-तीन दिवसांहून अधिक अंतर ठेवू नये, आणि प्रतिनिधींनी आपापल्या जिल्ह्यातच मतदान करावे, एवढी तरी खबरदारी घेतलीच पाहिजे.

निवडणुकीस विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही. २६ ऑगस्ट २००६ रोजी उज्जैनच्या महाविद्यालयात विद्यार्थी निवडणुकीच्या दंगलीत प्राध्यापक सभरवाल यांस प्राण गमवावे लागले. तो खटला पुढे आपल्याच नागपुरात चालला आणि २००९ साली सारे आरोपी सुटले. एका शिक्षकाचा जीव जातो आणि कोणीच दोषी ठरत नाही, हे वाचून ज्या पालकाच्या पोटात गोळा उठतो, त्यास भेकड म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु त्या पालकांस आम्ही एकच विचारतो : निवडणुका नव्हत्या त्या वर्षांत राजकीय पक्ष महाविद्यालयांच्या फाटकांपासून दूर राहिले काय? ते आत होतेच. फक्त त्यांना विद्यार्थ्यांचे मत मागावे लागत नव्हते. मतपेटी गेली, पण दांडगाई गेली नाही. तिला उत्तर देण्याचे साधन तेवढे गेले.

अखेरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. निवडून आलेल्यांनी करावयाचे काय? प्रत्येक विद्यार्थी शुल्कासोबत जिमखाना, स्नेहसंमेलन, वाचनालय यांसाठी पैसे भरतो. या पैशाचा जमाखर्च पाहण्याचा, वसतिगृहाचे पाणी, ग्रंथालयाची वेळ, परीक्षेच्या निकालास लागणारा विलंब यांविषयी जाब विचारण्याचा आणि लेखी उत्तर मिळण्याचा अधिकार परिषदेस नसेल, तर त्या निवडणुकीत उरते काय? उरते ते पद, हार आणि मिरवणूक. जेथे काम नसते तेथे मिरवणूकच मोठी होते. खुर्चीस काम द्या; केवळ मिरवावयास आलेले आपोआप कमी होतील.

ज्या पिढीने ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुकांत पैशाचा आणि जातीचा खेळ पाहिला, तिने आपल्या मुलांस निवडणुकीपासून जपावे, हे स्वाभाविक आहे. पण पाण्यात न पडता पोहावयास कोणी शिकले नाही. हार कशी पत्करावी, विरोधकाचे म्हणणे शेवटपर्यंत कसे ऐकावे, पैपैचा हिशेब कसा द्यावा, हे ज्याने विसाव्या वर्षी महाविद्यालयात केले नाही, तो चाळिसाव्या वर्षी विधिमंडळात करील, ही आशा व्यर्थ होय. शासनाने आणि कुलगुरूंनी तारीख ठरवावी, पंच बाहेरचा नेमावा, हिशेब उघडा ठेवावा, आणि मग विद्यार्थ्यांवर विश्वास टाकावा. तेवढे केल्यावरही ते चुकतील, तर ती चूक त्यांची स्वतःची असेल. आणि स्वतःच्या चुकीतून माणूस जितके शिकतो, तितके दुसऱ्याने घातलेल्या बंदीतून कधीच शिकत नाही.